आधी हवा, मग माणूस

घरातून बाहेर पडताना ते दाराला कुलूप लावत, दोन पावलं मागे येत, उजवा हात खांद्यापासून सरळ ताणत आणि तर्जनी कुलपावर रोखून म्हणत, "योशि." योशि म्हणजे ठीक. मग बैठकीच्या खिडकीवर बोट. "योशि." मग गॅस मीटरच्या पेटीवर. "योशि." शेवटी रस्त्याच्या कडेला उभे राहून ते आकाशाकडे बोट करत आणि तिथे मात्र अडत. आयर्लंडच्या आकाशाला ठीक म्हणणं त्यांच्या सचोटीत बसत नसे. थोडं थांबून ते छत्री घ्यायला परत घरात जात. म्हणजे पुन्हा कुलूप, पुन्हा दोन पावलं मागे, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. गॅस बंद आहे ना, हे बघायला जिन्यावरून परत फिरणारा. आपण अशा माणसाला हसतो. हसायचा आपल्याला अधिकार आहे असं वाटतं, कारण आपलं घर अजून जळालेलं नसतं.

स्वोर्ड्स हे डब्लिन विमानतळाला चिकटलेलं गाव. तिथे आमचं आणि त्यांचं जोडघर होतं, मधली भिंत एकच. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना खिडकीतून पाहिलं आणि माझ्या बायकोला, स्नेहाला, बोलावून दाखवलं. शेजारचे म्हातारबाबा स्वतःच्याच दाराला दटावतायत, असं मी म्हटलं. ती म्हणाली, तू काल गाडी लॉक केली होतीस का? मी हळूच जाऊन बघितलं. केली नव्हती. हे मी कोणाला सांगितलं नाही.

पलीकडच्या घरात युमी, तिचा आयरिश नवरा डेक्लन आणि युमीचे वडील राहत. युमी विमानतळावर कामाला होती, डेक्लन बस चालवायचा. वडील बायको गेल्यावर जपानहून लेकीकडे आले होते, तेही ऐंशी उलटल्यावर. त्यांचं नाव मला माहीत होतं, पण ते मी कधी घेतलं नाही. आम्ही त्यांना आजोबा म्हणायचो. पुढे पुढे तेही आमच्या दाराशी येऊन "आजोबा" असं जाहीर करत, जणू ते एखाद्या सरकारी खात्याचं नाव आहे.

ते कोळशाच्या खाणीतले. जपानच्या दक्षिणेला क्यूशू नावाचं बेट आहे, तिथले. त्यांच्या आईवडिलांच्या काळी नवरा-बायको जोडीने खाणीत उतरत: नवरा कोळसा फोडायचा आणि बायको तो ओणव्याने, चढाच्या बोगद्यातून ओढत न्यायची. आजोबा स्वतः अठराव्या वर्षी उतरले आणि खाण बंद होईपर्यंत उतरत राहिले. कामगारांच्या लांबच लांब चाळी, दोन खोल्यांमध्ये पातळ भिंत, आणि पाळी सुटल्यावर सामाईक हौदात आंघोळ. पहिल्या माणसाला हौदात पाणी दिसायचं, शेवटच्याला शाई. हे सगळं मला युमीने सांगितलं. आजोबांचं इंग्रजी चाळीसेक शब्दांचं होतं आणि त्यातले बरेचसे पावसाचे.

लेकीकडे आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी दारामागच्या भिंतीवर एक फळी ठोकली. फळीवर तीन खिळे, खिळ्यांवर तीन पितळी बिल्ले. खाणीत प्रत्येकाचा असा बिल्ला असे. उतरताना बरोबर न्यायचा, वर आल्यावर खिळ्याला लावायचा. पाळी संपली आणि एखादा खिळा रिकामा दिसला, तर कोणीतरी अजून खाली आहे. डेक्लनने आठवडाभर बिल्ला नेला, मग एके दिवशी तो बसमध्ये विसरला आणि संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर फुटबॉल बघत बसला. आजोबा आले. त्यांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि निकाल खिळ्याच्या बाजूने दिला. डेपोतून बिल्ला परत मिळेपर्यंत दोन दिवस डेक्लन त्या घरात अधिकृतरीत्या जमिनीखाली होता.

डेक्लन त्यांच्याबद्दल बोलताना "युअर मॅन" म्हणायचा. इथे कोणाही तिसऱ्या माणसाला असंच म्हणतात. पण तुझा माणूस असं करतो, तुझा माणूस तसं म्हणतो, हे ऐकून ऐकून ते माझेच कोणीतरी लागतात असं मला वाटायला लागलं.

या देशात सगळं "ग्रँड" असतं, म्हणजे एकदम ठीक. छत गळतंय, ग्रँड. बस आली नाही, ग्रँड. पाय मोडला, तरी एक पाय आहे ना, ग्रँड. आयरिश माणूस ग्रँड न बघताच म्हणतो आणि आजोबा बघितल्याशिवाय योशि म्हणत नसत. त्यामुळे सासरे-जावयात कधी भांडण झालं नाही आणि एकमतही झालं नाही.

मला शिट्टी वाजवायची सवय होती. मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना मी सुरू झालो की कुंपणापलीकडून एक हात वर येई. जमिनीखाली शिट्टी वाजवायची नाही, असा नियम होता म्हणे. एक तर खाणीचा देव रागावतो. दुसरं म्हणजे छत खाली येण्याआधी लाकडी टेकू कुरकुरतात, आणि ती कुरकुर ऐकू यायला हवी. शिट्टी वाजवणारा माणूस फक्त स्वतःलाच ऐकतो, असं आजोबा म्हणाले, अर्थात युमीच्या तोंडून. मी म्हटलं, पण आपण जमिनीच्या वर आहोत. ते त्यांनी मान्य केलं. हात मात्र खाली घेतला नाही. पुढे आमच्या कुकरची पहिली शिट्टी भिंतीपलीकडे गेली तेव्हा ते पायात एकच चप्पल घालून आले होते.

सकाळी मी ऑफिसला निघालो की ते म्हणत, "गोआन्झेन नि." मी त्याचा अर्थ सुप्रभात असा लावला आणि तेच परत म्हणू लागलो. एकदा टोकियोच्या एका बँकेबरोबर आमची व्हिडिओ मीटिंग होती. मी ऐटीत सगळ्यांना "गोआन्झेन नि" म्हटलं. पडद्यावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर गृहस्थ खुर्चीतून उठले आणि कमरेत वाकून तेच शब्द म्हणाले. नंतर युमीने सांगितलं की त्याचा अर्थ "सुखरूप राहा" असा आहे, आणि खाणीत किंवा पोलादाच्या भट्टीवर पाळीला जाणारी माणसं एकमेकांना असं म्हणतात. बँकेत कोणी म्हणत नाही. बँकेत गरज नसते असं मात्र नाही.

आता थोडं माझ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येतो. मी आमच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्याचा फायर वॉर्डन होतो, म्हणजे आग लागली तर सगळ्यांना बाहेर काढणारा. हे पद मला मिळालं, कारण ज्या दिवशी ते वाटलं गेलं त्या दिवशी मी रजेवर होतो. माझ्याकडे एक पिवळं जाकीट होतं आणि वर्षातून एकदा संगणकावर सुरक्षेचा धडा वाचायचा असे. शेवटी "मी हे वाचले आणि मला समजले" या चौकोनात खूण करायची. ती मी डबा खाता खाता करत असे. मीही सुरक्षेतलाच माणूस आहे हे कळल्यावर आजोबांनी मला खाली वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.

डिसेंबरात आई नागपूरहून आली. तीन महिन्यांचा व्हिसा, चार स्वेटर आणि अर्धी बॅग पूजेचं सामान. शेजारी एक जपानी वयस्कर गृहस्थ राहतात म्हटल्यावर तिने त्यांना परस्पर भाऊजी करून टाकलं आणि पहिल्याच रविवारी जेवायला बोलावलं.

तिने ताट वाढलं. भाताची मूद, त्यावर वरण, वर तूप. आजोबांनी हात जोडले, ताटाकडे पाहिलं आणि थिजले. मग चमच्याने ते भातावरचं वरण हळूहळू बाजूला सारू लागले, अगदी शितं सुटी करत. आई बराच वेळ बघत राहिली.

"हे जेवून राहिले का तपासून राहिले?" तिने मला विचारलं.

युमीने खुलासा केला. खाणकामगाराच्या घरात भातावर पातळ काही ओतत नसत. भाताची रास म्हणजे डोंगर, आणि डोंगरावर पाणी पडलं की तो खचतो. डोंगराखाली आपलाच माणूस असतो. मला वाटलं, आई आता नाक मुरडेल. पण ज्या बाईने आयुष्यात अमावास्येला नखं कापली नाहीत, तिला हे लगेच पटलं. तिला कारण लागत नाही, नियम लागतो. त्या दिवसापासून भाऊजींचं वरण वेगळ्या वाटीत जाऊ लागलं. मीही वाटी मागितली, तर म्हणाली, तू कुठं खाणीत जाऊन राहिला?

आईने कपड्यांच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून देव मांडले होते. संध्याकाळी ती निरांजन लावायची तेव्हा आजोबा येऊन गुडघे टेकून बसत आणि ज्योतीकडे एकटक बघत. श्वाससुद्धा जपून घेत. आईने नागपूरला फोन करून सांगितलं की भाऊजींसारखा भक्तिभाव आपल्याकडे आता राहिला नाही. खरी गोष्ट अशी होती की जुन्या खाणीत दिव्याच्या ज्योतीवरून हवा ओळखत. ज्योतीवर निळसर टोपी चढली की वायू साचलाय, ज्योत मलूल झाली की श्वासापुरती हवा उरलेली नाही. आजोबा आमच्या देवघराची हवा तपासत होते. मी आईला हे सांगितलं नाही. दोघांचंही समाधान होत होतं.

जानेवारीत वादळ आलं. दोन दिवस आधी फोनवर लाल इशारे आले, शाळा बंद झाल्या, दुकानांतला पाव संपला. पहिल्याच रात्री वीज गेली ती गेलीच. इथली घरं गॅसवर तापतात, पण तो गॅस पेटवणारं यंत्र विजेवर चालतं. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर इतकं गार पडलं की आई चारही स्वेटर घालून, वर रजई ओढून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती आणि तिचे दात वाजत होते. लहानपणी आमच्याकडे शेगडी असायची, ती म्हणाली. तेवढ्या एका वाक्यावर मी उठलो.

शेडमध्ये उन्हाळ्यातला बार्बेक्यू होता आणि कोळशाचं अर्धं पोतं. मी कोळसे मागच्या दाराबाहेर पेटवले, धूर संपेपर्यंत वाट पाहिली आणि निखारे लाल झाल्यावर सगळं उचलून स्वयंपाकघरात आणलं. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं मी फायर वॉर्डनच्या अधिकाराने दोघींना सांगितलं. खिडकी वीतभर उघडी ठेवली होती. पण वारा इतका आत येऊ लागला की शेगडीचा उपयोग होईना, म्हणून तीही लावून घेतली. भिंतीवर एक छोटं पांढरं यंत्र होतं, हवेत विषारी वायू साचला की वाजणारं, नेमकं अशाच वेळेसाठी बसवलेलं. त्याची बॅटरी मी उन्हाळ्यातच काढली होती, कारण मीटिंग चालू असताना ते मधूनच टिवटिव करायचं.

छान ऊब आली. आम्ही निखाऱ्यांवर चहा केला. थोड्या वेळाने स्नेहा म्हणाली, डोकं दुखतंय, वर जाऊन पडते. आईला डुलकी लागली. माझंही डोकं जड झालं होतं, पण दोन दिवस कॉफी मिळाली नव्हती, त्यामुळे असेल असं मी समजलो.

वीज गेल्यापासून आजोबा कपाळाला दिवा बांधून दिवसातून दोनदा आमच्या ओळीतल्या सहाही घरांची फेरी करत होते. चारच्या सुमाराला त्यांनी आमचं दार वाजवलं. ते उघडायला मला फार वेळ लागला. कडी कुठे असते तेच आठवेना. दार उघडल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आतल्या लाल उजेडाकडे. पुढच्या क्षणी त्यांनी माझी कॉलर धरून मला बाहेरच्या ओल्या फरशीवर ओढलं. ऐंशी उलटलेल्या माणसाच्या हातात एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. तिथूनच ओरडून त्यांनी डेक्लनला बोलावलं.

त्यांनी पुढचं दार सताड उघडलं. डेक्लन बाजूच्या बोळातून मागे धावला, त्याने मागचं दार उघडलं, दाराजवळ बसलेल्या आईला खुर्चीसकट बाहेर ओढलं आणि निखारे अंगणात उलथले. तो तिला उचलून पुढे घेऊन आला. आजोबांनी आमच्यावर बोट रोखलं. एक. दोन. मग ते बोट तसंच हवेत राहिलं.

स्नेहा वर होती.

मी उठलो आणि दाराकडे धावलो, म्हणजे तसं मला वाटलं. पाय कापसाचे झाले होते. आजोबा दारात आडवे उभे राहिले. मी त्यांना ढकललं, ते हलले नाहीत. मी त्यांना नको नको ते बोललो. त्यांनी माझी कॉलर पुन्हा मुठीत धरली आणि त्यांच्या चाळीस शब्दांतले चार शब्द काढले.

"आधी हवा. मग माणूस."

वारा घरात घुसून मागच्या दाराने बाहेर पडत होता. दारं आपटत होती, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. आजोबा त्या वाऱ्याकडे चेहरा करून थांबले होते. डेक्लन सांगतो की हे सगळं एक मिनिटसुद्धा चाललं नसेल. डेक्लनची बायको वर नव्हती. मग आजोबांनी मान हलवली आणि ते दोघे आत गेले.

थोड्या वेळाने आतून आजोबांचा आवाज यायला लागला. मोठा, खणखणीत, एकेक वाक्य तोडून. डेक्लनने स्नेहाला हातांवर घेतलं होतं, आणि आजोबा तिच्या पुढे, तिच्याकडे तोंड करून, उलटे एकेक पायरी उतरत होते. प्रत्येक पायरीला तिला काहीतरी सांगत होते. आई पावसात फरशीवर बसली होती. काय म्हणून राहिले ते, तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. मला फक्त स्नेहाचा हात दिसत होता, खाली लोंबणारा.

बाहेर आणल्यावर तिने डोळे उघडले आणि डेक्लनच्या बुटांवर ओकली. तो म्हणाला, ग्रँड. तेवढ्या एका वेळी तो शब्द बघून म्हटलेला होता.

रस्त्यावर झाडं पडली होती, तरी रुग्णवाहिका आली. आम्हा तिघांना हॉस्पिटलात प्राणवायू लावला. आई आणि मी दुसऱ्या दिवशी सुटलो, स्नेहाला आणखी दोन दिवस ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, बंद घरात कोळसा पेटवायचा नसतो हे घरात कोणालाच माहीत नव्हतं का? आई म्हणाली, हाच तर आहे ऑफिसात त्या कामाचा. मराठीत म्हणाली, एवढंच माझं नशीब.

स्नेहा घरी आल्यावर मी आजोबांची माफी मागायला गेलो. युमीच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. मी म्हटलं, मी तुम्हाला फार वाईट बोललो. युमीने ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, त्यांनी तर चावा घेतला होता.

मला कळेना. युमीलाही कळलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ते बोलू लागले आणि ती एकेक वाक्य मला सांगत गेली. ते वीस-एकवीस वर्षांचे असताना खाणीत स्फोट झाला होता. त्यांची पाळी सुटून ते वर आलेले होते, त्यांचा मोठा भाऊही आला होता. भावाचा एक मित्र खाली राहिला होता. भाऊ त्याला आणायला धावला. त्याच्यामागे हेही धावले, पण मुकादमाने यांची कॉलर धरली. यांनी मुकादमाच्या हाताला कडकडून चावा घेतला, तरी त्याने सोडलं नाही. स्फोटात मेले त्यापेक्षा जास्त माणसं मागाहून वाचवायला धावून मेली. स्फोटानंतर खाली जो वायू साचतो त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस धावता धावता बसतो आणि मग उठत नाही.

दुसऱ्या दिवशी, हवा खेळती झाल्यावर, त्यांनी भावाला वर आणलं. तिकडे अशी रीत होती की मेलेल्या माणसाला वर नेताना प्रत्येक वळणावर त्याला सांगायचं: आता आपण दुसऱ्या वळणाशी आलो, आता पंपाशी आलो, आपण वर चाललो आहोत. नाहीतर त्याचा जीव वाट चुकून खालीच राहतो. आजोबांनी भावाला सगळं सांगितलं. फक्त एका वळणावर चढ फार होता, त्यांना दम लागला, आणि तिथे ते काही बोलले नाहीत.

इथे युमी थांबली. तिला काका होता हे ठाऊक होतं, हे ठाऊक नव्हतं. तिने वडिलांचा हात धरला.

मग मीच विचारलं की स्नेहाला आणताना ते काय म्हणत होते. आपण वर चाललो आहोत, असंच म्हणत होते. जिना उतरताना. खाणीतल्या माणसाला सुटकेची दिशा एकच माहीत असते. मी विचारलं, म्हणजे त्यांना ती गेली असं वाटलं होतं का? युमीला हे विचारणं जड गेलं, पण तिने विचारलं. आजोबांनी खांदे उडवले.

"माहीत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून सगळ्या पायऱ्या सांगितल्या."

ऑफिसात ही गोष्ट पोचली आणि मला सगळ्यांसमोर तिच्यावर बोलायला सांगण्यात आलं. मी दहा स्लाइड्स केल्या. आजोबा चौथ्या स्लाइडवर होते, "एका शेजाऱ्याची वेळेवर मदत" या शब्दांत. नावं घालायची नाहीत असा नियम आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला एक प्रमाणपत्र आणि पाण्याची बाटली मिळाली, आणि माझा अनुभव लक्षात घेऊन चौथा मजलाही माझ्याकडे देण्यात आला.

वादळानंतर आजोबांचा खोकला वाढला. फुप्फुसात तिकडचा कोळसा आधीच होता, त्यात इकडचा गारठा बसला. त्यांनी परत जायचं ठरवलं. बायकोची कबर तिकडे होती, आणि भावाचा मुलगा त्यांना ठेवून घ्यायला तयार होता. स्फोटाच्या वेळी तो एक वर्षाचा होता, आता स्वतः आजोबा झाला होता. युमी त्यांना सोडायला जाणार होती. त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत, पुतण्याच्याच घरी, दुपारच्या झोपेत ते गेले. ते आम्हाला फोनवर कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मात्र फेब्रुवारीत, विमानतळावर.

मला त्याच सकाळी कामासाठी लंडनला जायचं होतं, त्यामुळे तपासणीच्या रांगेत मी त्यांच्या मागेच होतो. आईने घरीच त्यांचा निरोप घेतला होता आणि त्यांच्या बायकोच्या तसबिरीपुढे लावायला म्हणून एक पुडकं स्वतःच्या हाताने त्यांच्या बॅगेत घातलं होतं.

रांग पुढे सरकली तसे आजोबा ताठ होत गेले. लोक पट्टे काढत होते, खिसे रिकामे करत होते, कुरकुरत होते. आजोबांचा चेहरा उजळला होता. ते युमीशी भराभर बोलू लागले. खाणीच्या तोंडाशी रोज अशीच झडती व्हायची, तिने मला सांगितलं. आगपेटी, सिगारेट, काहीही. खाली एक ठिणगी म्हणजे सगळी पाळी गेली. ज्याच्या खिशात काडी सापडे त्याचं काम तर जाईच, पण चाळीतली बायामाणसं त्याच्या घरच्यांशी बोलणंही टाकत. इतक्या वर्षांत यांच्या खिशात कधी काही सापडलं नव्हतं. ते अभिमानाने सांगत होते आणि कोट घडी घालून ट्रेमध्ये ठेवत होते, बाही बाहीवर येईल असा.

चौकटीतून ते पार झाले. अंगावरून हात फिरवणाऱ्या माणसाला त्यांनी वाकून नमस्कार केला. मग त्यांची बॅग पट्ट्यावरून बाजूला काढली गेली.

तपासणाऱ्या मुलीने बॅग उघडली, पुडकं काढलं आणि एकेक वस्तू मांडली. पितळी निरांजन. वातींची डबी. उदबत्तीचा पुडा. आणि आईची रोजची, अर्धी भरलेली काडेपेटी. मुलीने ती दोन बोटांत धरून वर केली आणि सांगितलं की बाकी सगळं चालेल, हे बॅगेतून नेता येणार नाही.

आजोबा त्या काडेपेटीकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी युमीकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे.

"आई," मी म्हटलं.

ते हसले. आधी नुसतेच खांदे हलले, मग आवाज आला, मग खोकला, आणि खोकताना सुद्धा ते हसतच होते. मी त्यांना असं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. जरा निवळल्यावर ते त्या मुलीसमोर कमरेत वाकले, खूप वेळ, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे. ती बिचारी गोंधळली आणि तिनेही थोडी मान लववली. मग तिने काडेपेटी शेजारच्या पिंपात टाकली. ती तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत ते थांबले, आणि युमीच्या दंडाला धरून आपल्या विमानाकडे गेले.